शाळेचा कारभार व मंडळीचे कर्तव्य

(मननासाठी भाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वा, ओव्या 1 ते 7, 1 शमुवेल, अध्याय 8 वा व 12 वा)



यरुशलेमातील पहिल्या मंडळीत शिष्यांची संख्या जसजशी वाढली, तसतशी तीत कुरकूरही उत्पन्न झाली, ही गोष्ट पवित्र शास्त्राने आपल्यापासून लपवून ठेविली नाही. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, असे ग्रीक भाषा बोलणाऱ्या बांधवांचे म्हणणे पडले. त्या वेळी प्रेषितांनी काय केले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तक्रार करणारांस त्यांनी अविश्वासी ठरविले नाही. आमच्यावर बोट ठेवणारे तुम्ही कोण, असेही विचारिले नाही. त्यांनी शिष्यांचा सर्व समुदाय एकत्र बोलाविला, आपल्याकडून कोणते काम होण्यासारखे आहे व कोणते नाही ते उघड सांगितले, आणि ज्यांविषयी लोकांत चांगली साक्ष आहे अशी सात माणसे निवडण्याचे काम समुदायाकडेच सोपविले. निवडलेल्या सातांची नावे वाचून पाहावी. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्या विधवांची वाटणी त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती गेली, असे ह्यावरून दिसते.

हा भाग आपण देवालयात पुष्कळ वेळा ऐकला आहे. तथापि गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या निमित्ताने तो आम्हांस नव्याने वाचावा लागला, आणि वाचिताना आमची मान खाली गेली. ती हकीकत आम्ही येथे सांगतो. तीत एका मुख्याध्यापकाची, काही पालकांची व आमची स्वतःची अशी तिघांची चूक आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा शाळा आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि आपल्या गावची मुले पाचवी-आठवीनंतर त्यांतच शिकावयास जातात.

काही कामासाठी आम्ही कोल्हापुरास गेलो होतो व शिवाजी पेठेत एका आप्तांच्या घरी आठ दिवस उतरलो होतो. ही पेठ तालमींची, मंडळांची व फुटबॉलच्या वेडाची म्हणून सर्वांस ठाऊक आहे. गांधी मैदानावर पावसाचे पाणी साचले होते, मुलांचा खेळ बंद होता, आणि संध्याकाळी कट्ट्यावर मोठ्या माणसांचे बोलणे तेवढे चालू होते. बोलणे मुलांच्या माध्यमिक शाळेविषयी होते. मुख्याध्यापक कधी भेटत नाहीत. गणिताचे तास रिकामे जातात. मुलींच्या स्वच्छतागृहास दुपारनंतर कुलूप असते. संस्थेत दोन तट पडले आहेत आणि त्यांच्या ओढाताणीत मुलांचे वर्ष बुडते. एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "शाळंला वाली न्हाई बघा, पाव्हणं." ते शब्द आमच्या मनास लागले.

दुसऱ्या दिवशी चार पालक एक निवेदन घेऊन आले. मुख्याध्यापकांस पदावरून दूर करावे अशी मागणी शिक्षणाधिकाऱ्यांकडे करावयाची होती. आम्ही लिहिण्यावाचण्याचे काम करणारे, म्हणून भाषा नीट करून द्यावी असे त्यांनी आम्हांस सांगितले. आम्ही ती केली. एवढेच करून थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु लेखणी हाती असली म्हणजे माणसास मोह होतो. मुख्याध्यापक शाळेकडे फिरकतही नाहीत, असे एक वाक्य आम्ही आपल्या पदरचे घातले. ते जोरदार दिसले, आणि सर्वांस आवडले. आम्ही ती शाळा पाहिली नव्हती. त्या गृहस्थांचे तोंडही पाहिले नव्हते.

शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षिका राहत असत. निवेदन वाचून त्या इतकेच म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर शाळेत चला." आम्ही गेलो. मुख्याध्यापक कार्यालयात नव्हते. ते दहावीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळाचे प्रमेय शिकवीत होते, कारण गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. तास संपल्यावर ते बोलले. ते प्रभारी होते. संस्थेवर हक्क सांगणारे दोन गट होते. एकाने केलेली नेमणूक दुसरा मानीत नसे. म्हणून पदाची मान्यता अडून राहिली होती. वेतनाच्या देयकावर सही कोणी करावी हा वाद वरचेवर निघे, आणि सहीचे अधिकार मिळविण्यासाठी त्यांचे कितीतरी दिवस कचेरीच्या बाकावर जात. पालक शाळेत येत ते बहुधा त्याच दिवशी.

मग आम्ही कुलपाविषयी विचारिले. ते खरे होते. किल्ली शिपायाजवळ असे आणि शिपाई दुपारी दुसऱ्या कामास जाई. "पालकांची सभा केव्हा घेतली?" असे बाईंनी विचारिले, तेव्हा ते खाली पाहू लागले. वर्ष होऊन गेले होते. लोक ओरडतील ह्या भयाने त्यांनी सभा बोलाविलीच नव्हती.

म्हणजे तक्रार खरी होती, आणि आम्ही घातलेले वाक्य खोटे होते. त्या संध्याकाळी आम्ही पालकांस पुन्हा एकत्र बसवून ते वाक्य आमचे आहे, ते असत्य आहे, ते काढून टाका, असे सांगितले. एकदोघांस राग आला. वाक्य काढले तर निवेदनात जीव काय राहिला, असे ते म्हणाले. शेवटी जे राहिले ते असे होते : गणिताची जागा भरावी, स्वच्छतागृह शाळा सुटेपर्यंत उघडे ठेवावे, सभा ठरलेल्या दिवशी घ्यावी, आणि मुख्याध्यापकपदाचा निकाल लवकर द्यावा. खाली सर्वांनी नावानिशी सह्या केल्या आणि एक प्रत आधी मुख्याध्यापकांच्या हाती दिली. पुढच्या आठवड्यात कुलूप निघाले. सभाही झाली, व तीत लोक ओरडले, आणि ते गृहस्थ उभे राहून ऐकत राहिले. संस्थेचा वाद मात्र आम्ही निघालो तेव्हा होता तसाच होता.

बंधुजनहो, ह्यातून आम्ही काय शिकलो ते आता सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, शाळेच्या कारभाराविषयी विचारणे हे पाप नव्हे. आपल्या मंडळ्यांत पुष्कळ सात्त्विक माणसे असे समजतात की, वडीलधाऱ्यांविरुद्ध बोलू नये, देव पाहून घेईल. परंतु शमुवेल म्हातारा झाला व त्याचे पुत्र न्यायाधीश होऊन लाच घेऊ लागले, तेव्हा इस्राएलाचे वडील एकत्र जमून रामा येथे त्याच्याकडे गेले व तुझे पुत्र तुझ्या मार्गाने चालत नाहीत असे त्याच्या तोंडावर म्हणाले. शमुवेलासारख्या देवमाणसास हे ऐकावे लागले, कारण ते खरे होते. पुत्रांची नेमणूक त्यानेच केली होती. मात्र त्याच वडिलांनी पुढे जो उपाय मागितला तो चुकीचा होता, हेही शास्त्र सांगते. इतर राष्ट्रांसारखा राजा मिळाला म्हणजे सर्व सुरळीत होईल असे त्यांस वाटले. तक्रार खरी असली म्हणजे मागणीही योग्यच असते असे नाही. एका माणसास काढा, म्हणजे शाळा सुधारेल, असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा आपणही पुष्कळदा राजाच मागत असतो.

दुसरी गोष्ट, ज्याविषयी बोलावयाचे त्याची माहिती आधी करून घ्यावी. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक नेमण्याचे काम संस्थेचे असते व त्या नेमणुकीस शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. ह्यासाठी महाराष्ट्रात 1977 चा अधिनियम व 1981 ची नियमावली आहे. सेवेने सर्वांत ज्येष्ठ, पात्रता असलेल्या व ज्यांचे काम समाधानकारक आहे अशा शिक्षकास हे पद द्यावे, असा त्या नियमावलीचा सर्वसाधारण नियम आहे. संस्थाचालकांच्या मर्जीने, भाऊबंदकीने किंवा देणगीने हे पद मिळावयाचे नाही. तसेच मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनुदानित शाळांत ह्या समितीचे काम सल्ला देण्याचे आहे. तरी सल्ला देणाऱ्यास विचारण्याचा हक्क असतोच. आपल्यापैकी किती जणांस आपल्या मुलाच्या शाळेच्या समितीवर कोण आहे हे ठाऊक आहे? कट्ट्यावर एक तास बोलणारा माणूस समितीच्या सभेस पाव तास बसावयास तयार नसतो. वाली नाही, असे म्हणणे सोपे आहे. ज्याचे मूल शाळेत आहे तो त्या शाळेचा एक वाली आहे, हे त्या वृद्ध गृहस्थांस सांगावयास हवे होते; परंतु तेव्हा ते आम्हांसही सुचले नाही.

तिसरी गोष्ट, तक्रारीखाली नाव असावे. ह्या बाबतीत कोल्हापुरातलेच एक जुने उदाहरण आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे 1852 मध्ये कोल्हापुरास आले, आणि त्यांनी व त्यांच्या पत्नीने येथे शाळा चालविल्या. पुढे 1854-55 मध्ये त्यांच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे हिंदुस्थानात पाहणीस आले, व शाळांवरील, विशेषेकरून इंग्रजी शाळांवरील, खर्च व श्रम कमी करून ते उपदेशाकडे लावावे असे धोरण ठरले. शाळांचा कारभार समुद्रापलीकडून ठरावा काय, असा तो प्रश्न होता. वाइल्डरांस हे धोरण मान्य नव्हते. त्यांनी 1861 मध्ये मिशनच्या शाळांविषयी एक ग्रंथच स्वतःच्या नावाने छापून प्रसिद्ध केला. बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. तरी ते परत कोल्हापुरास आले, कित्येक वर्षे स्वतंत्रपणे काम करीत राहिले, आणि 1870 मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे आले. ह्या वादात कोणाचा पक्ष किती खरा होता, ह्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. इतकेच पाहावे की, त्या माणसाने आपले म्हणणे सहीनिशी मांडिले आणि त्याची किंमत आपण भरली. निनावी अर्ज लिहिणारा किंमत दुसऱ्यास भरावयास लावितो. दोघांतिघांच्या साक्षीवाचून वडिलाविरुद्ध आरोप घेऊ नये, अशी पौलाने तीमथ्यास जी आज्ञा केली तिचा हेतू वडिलांस पाठीशी घालण्याचा नाही. खरा आरोप साक्षीने बळकट होतो, आणि खोटा गळून पडतो.

चौथी गोष्ट शाळेच्या चालकांसाठी आहे. आपले मुख्याध्यापक, संस्थेचे पंच व मंडळीचे वडील हे वाक्य वाचीत असतील तर त्यांनी ते आपणास उद्देशून समजावे. चांगल्या कारभाऱ्याची पारख कशावरून करावी? इमारत, निकालाचे आकडे व दाराशी लाविलेले अभिनंदनाचे फलक ह्यांवरून ती होत नाही. शाळेतील सर्वांत मागच्या बाकावरील मुलाशी व कोणाचाही वशिला नसलेल्या मुलीशी शाळा कशी वागते, ह्यावरून ती करावी. शाहू महाराजांनी 1917 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु शाळा काढणे आणि शाळा चालविणाऱ्यांची मने बदलणे ही दोन कामे आहेत हे त्यांनी जाणिले होते. म्हणून 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्य मुलांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढिला, आणि शिक्षणखात्यातील माणसांनी त्या मुलांस ममतेने व बरोबरीने वागवावे असे बजाविले. सर्वांत खालच्या मुलास जो वागवू शकत नाही त्याच्या हाती शाळा देऊ नये, हा त्या हुकुमांचा मथितार्थ आहे.

त्याच कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिकणारा एक मुलगा जैन बोर्डिंगात राहत असे. तो मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास गेला व परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्यास बोर्डिंगातून जावे लागले. चालकांनी नियम पाळिला, आणि त्यांस आपले काही चुकले असे वाटले नसेल. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस जेवतील अशी वसतिगृहे काढिली. आपण ज्यास शिस्तीच्या नावाने दाराबाहेर काढितो त्याच्याविषयी देवाच्या मनात काय आहे हे आपणास ठाऊक नसते. म्हणून मुलावर हात उगारण्यापूर्वी, त्याचा दाखला हाती देण्यापूर्वी, कारभाऱ्याने थोडे थांबावे.

आणि कारभाऱ्याने आपला हिशेब उघडा ठेवावा. शमुवेलाचा दुसरा प्रसंग बाराव्या अध्यायात आहे. आयुष्याच्या उतरणीस तो सर्व लोकांसमोर उभा राहिला आणि त्याने विचारिले की, मी कोणाचा बैल घेतला, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेतली ते सांगा. मी भरून देईन. पुत्रांविषयीचे कठोर बोलणे ऐकल्यानंतर त्याने हे केले, हे लक्षात ठेवावे. ज्याने सभेची भीती धरून सभा घेतली नाही त्या मुख्याध्यापकाचे दुःख आम्ही पाहिले. तो दुष्ट नव्हता; तो थकलेला होता. परंतु बंद दारामागे चांगला माणूसही लोकांस चोर दिसू लागतो. दर तिमाहीस एक दिवस ठरवून दार उघडे ठेवावे. लोक ओरडतील तर ओरडू द्यावे. ओरडून झाल्यावर त्यांतील चार माणसे मदतीस उभी राहतात. शिवाजी पेठेतील त्या सभेनंतर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आठवड्यास दोन दिवस गणित शिकविण्यास येऊ लागले. सभा झाली नसती तर गणित शिकविणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहतो हे शाळेस कळले नसते.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. आपल्या मंडळ्यांच्या हाती ज्या शाळा आहेत त्यांस अल्पसंख्याकांच्या संस्था म्हणून मुख्याध्यापक निवडण्यात ज्येष्ठतेच्या नियमापेक्षा अधिक मोकळीक आहे. ही मोकळीक कोणत्या उपयोगासाठी मिळाली? अधिक योग्य माणूस शोधण्यासाठी. आपण तिचा उपयोग आपला माणूस बसविण्यासाठी तर करीत नाही ना? अमक्या गावचा, अमक्या घराण्याचा, अमक्या गटाचा, असे म्हणत आपण वार्षिक सभेत हात वर करितो, आणि नंतर वर्षभर देवालयाच्या पायऱ्यांवर त्याच माणसाविरुद्ध कुरकुरतो. यरुशलेमच्या मंडळीस सात माणसे निवडावयाची होती तेव्हा आपापल्या गटाचे बळ मोजण्यास त्यांस कोणी सांगितले नाही. चांगली साक्ष, शहाणपण आणि आत्मा, एवढेच पाहण्यास सांगितले. हा नियम जुना झालेला नाही.

शाळा सुरू होण्याचे दिवस प्रत्येक वर्षी येतात, व नव्या वह्यांच्या वासाबरोबर आपली आशाही नवी होते. ह्या वर्षी प्रत्येक मंडळीने एक रविवार ह्या कामासाठी ठेवावा अशी आमची विनंती आहे. उपासना झाल्यावर आपल्या गावची मुले ज्या ज्या शाळेत जातात त्यांची नावे काढावी. दोन भाऊ व दोन बहिणी निवडून त्यांनी ती शाळा शिकविण्याच्या वेळी प्रत्यक्ष पाहावी. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, रिकामे तास व शिक्षकांच्या रिकाम्या जागा लिहून घ्याव्या. मुख्याध्यापकांस आधी त्यांची अडचण विचारावी व मग आपली सांगावी. जे खरे असेल ते सहीनिशी लिहावे. जे पाहिले नाही ते लिहू नये. आम्ही लिहिले होते, आणि त्या दहावीच्या वर्गाच्या दारात उभे असताना आम्हांस जी लाज वाटली ती तुमच्यापैकी कोणावर येऊ नये अशी आमची इच्छा आहे.

त्या शाळेचा वाद अजून मिटला नसेल. त्या मुख्याध्यापकांसाठी, त्या दोन्ही गटांसाठी आणि वर्तुळाचे प्रमेय वहीत उतरून घेणाऱ्या त्या मुलामुलींसाठी आपण प्रार्थना करावी. आणि प्रार्थना करून उठल्यावर सभेस जावे.